सरळमार्गी पोट

आमच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, रोज सकाळी एक टक्कल पडलेला गृहस्थ ऑफिसच्या फिरत्या खुर्चीत बसून स्वतःभोवती गरागरा फिरत असतो. हातात लिंबू असतं. थोड्या गिरक्या झाल्या की थांबतो, लिंबू हुंगतो, छताकडे बघतो आणि पुन्हा उलट्या दिशेने सुटतो. पनवेलजवळच्या आमच्या करंजाड्यात नव्याने राहायला आलेल्या एका भाडेकरूने आमच्या दूधवाल्याला एकदा दबक्या आवाजात विचारलं, "त्यांच्या घरचं कुणी लक्ष देत नाही का हो?"

दूधवाला म्हणाला, "देतात ना. खुर्चीला धक्का त्याच मारतात."

हे आमचे नाना टिपणीस, आणि धक्का मारतात त्या सुमनवहिनी. नाना उरणजवळच्या द्रोणागिरीच्या एका गोदामात मॅनेजर होते. ती खुर्ची तिथलीच. निवृत्त होताना साहेबांनी विचारलं, "टिपणीस, भेट म्हणून काय देऊ?" तर नाना म्हणाले, "पोटाला विचारून सांगतो," आणि दुसऱ्या दिवशी खुर्ची घेऊन घरी आले.

'पोटाला विचारून सांगतो' हे नानांचं पालुपद. लग्नाला येता का, कमिटीत उभे राहता का, हापूसची पेटी घेताय का, उत्तर एकच. कारण नानांना गाडी लागते. म्हणजे अशी तशी नाही. कुणी नुसतं 'महाबळेश्वर' म्हटलं तरी त्यांचा हात खिशातल्या लिंबाकडे जातो. "काय आहे पेंडशा," ते मला समजावून सांगत, "आमचं टिपणीसांचं पोट सरळमार्गी. वळण आलं की त्याची नीती ढळते."

या पोटापायी हे जोडपं जन्मभर खोपोलीच्या पुढे गेलं नव्हतं. पुण्याची लग्नं चुकली, कोल्हापूरचं दर्शन चुकलं. सोसायटीत नानांच्या पोटावर विनोद करणं हा आमचा सार्वजनिक कार्यक्रम होता आणि त्याचा स्वयंघोषित अध्यक्ष मी होतो. गणपतीत मी नानांची नक्कल करायचो. लिंबू हुंगून, डोळे फिरवून, 'थांबवा, थांबवा' म्हणत स्टेजवरून पळायचो. सगळ्यात मोठ्याने नानाच हसायचे. वहिनी मात्र त्या वेळी नेमक्या प्रसाद वाटायला आत गेलेल्या असायच्या.

बायकांना वहिनींचं वाईट वाटायचं. कारण वहिनी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. सह्याद्री, सातपुडा, हिमालय, सगळं त्या फळ्यावर हातानेच काढायच्या आणि ते असं हुबेहूब की पोरी नकाशाचं पुस्तक उघडायच्या नाहीत. "बाईंनी जन्मभर पर्वत शिकवले," माझी बायको शुभा म्हणायची, "आणि नवऱ्याच्या पोटापायी एकाही पर्वतावरून खाली बघितलं नाही. मी असते तर नवऱ्याला खोपोलीला सोडून पुढे गेले असते." हे बोलताना ती माझ्याकडे का बघायची ते मला माहीत नाही.

तर गेल्या हिवाळ्यात शुभाने आणि मी भूतानला जायचं ठरवलं. वहिनी चहाला आल्या होत्या. 'भूतान' शब्द ऐकताच त्यांनी बशी खाली ठेवली, शुभाच्या वाणसामानाचा कागद उलटा केला आणि पेन्सिलने तो चिमुकला देश काढला. पारो इथे, थिंफू इथे, ही पुनाखाची नदी. "आणि हा दोचूला," त्या म्हणाल्या. "या खिंडीत उभं राहिलं ना, की हिमालयाची अख्खी रांग समोर येते म्हणे. आभाळ मोकळं हवं फक्त." कागदावर त्यांचं बोट तिथेच राहिलं.

"चला की मग तुम्हीही," मी म्हणालो. माझं तोंड माझ्या आधी धावतं.

त्या हसल्या. "यांचं कसं जमणार, भाऊजी? तो सगळा देशच घाट आहे. तुम्ही जाऊन या. मला फोटो दाखवा."

संध्याकाळी नाना स्वतः आले. दारातच उभे राहिले. "पेंडशा, पोटाला विचारलं. हो म्हणतंय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पण तयारी मागतंय."

त्या दिवसापासून आमचं सुखाचं जगणं संपलं.

खुर्ची ही तयारीची पहिली पायरी. नाना आधी स्वतः दोन-चार गिरक्या घेत आणि मग म्हणत, "सुमन, जरा तू बसून बघ गं, खुर्ची एका बाजूला ओढते का." वहिनी निमूटपणे बसत आणि नाना त्यांना बराच वेळ फिरवत. मी आमच्या खिडकीतून हे बघून शुभाला म्हणायचो, "व्यायाम याने करायचा आणि खुर्चीची चाचणी त्या बाईने द्यायची. काय एकेक नवरे असतात!"

मग आलं वर्तमानपत्र. पेपरवर बसलं की गाडी लागत नाही, असं नानांना कुणीतरी सांगितलं होतं. तेव्हापासून ते माझ्या गाडीत बसताना आपल्या सीटवर एक आणि वहिनींच्या सीटवर एक असे दोन पेपर अंथरायचे. "वहिनींना कशाला?" मी विचारलं. "उष्णता बाजूच्या सीटवरून येते," नाना म्हणाले. आल्याच्या वड्या, आवळासुपारी आणि लिंबं एका पिशवीत, आणि पिशवी वहिनींच्या मांडीवर. पुढच्या सीटवरही वहिनीच. "तुम्हाला लागते तर तुम्ही पुढे बसा की," मी म्हणालो. नाना म्हणाले, "ती पुढे दिसली की मला धीर येतो." मी हेही सोसायटीत सांगून हशा वसूल केला.

एका रविवारी नानांनी फर्मान काढलं की आता वळणांची सवय करायची, आणि तीही द्रोणागिरीत. तिथले रस्ते कंटेनरच्या ट्रेलरसाठी केलेले, ऐसपैस आणि सरळ. "सरळ रस्त्यावर वळणांची सवय?" मी विचारलं. "वळणं आपण घालायची," नाना म्हणाले. "नको वाटलं की लगेच सरळ होता येतं. घाटात ती सोय नाही."

आम्ही तिघं गेलो. शुभाने यायला साफ नकार दिला. निघण्यापूर्वी मी पनवेलला झणझणीत मिसळ हाणली होती, कारण पोट नानांचं होतं, माझं नव्हतं. स्टिअरिंग नानांनी घेतलं. वहिनी पुढे, डोळे मिटून, लिंबू नाकाशी. मी मागे. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या ट्रेलरना वळसे घालत नाना गाडी अशी नेत होते की जणू रांगोळीच काढतायत. तिसऱ्या ट्रेलरला माझ्या कपाळावर घाम आला. पाचव्याला मिसळ परत भेटायला आली.

गाडी थांबली. दार उघडेपर्यंत अर्धं सीटवर झालं होतं, उरलेलं मी एका गोदामाच्या फाटकापाशी ओतलं. तिथला वॉचमन काठी टेकत आला. "काय वो काका, रस्ता सरल हाय ना? मंग वाकरं कशाला चालवताव? पिऊन आलाव काय?"

"प्रॅक्टिस करतोय," नाना म्हणाले.

"कसली? वकायची?"

घरी आल्यावर शुभाने सीट बघितली आणि कमरेवर हात ठेवले. मी तोंड उघडणार एवढ्यात नाना पुढे झाले. "माझंच ते, शुभावहिनी. पोट सरळमार्गी, काय करणार? मी धुऊन देतो." आणि बादली आणायला गेले. मी गप्प राहिलो. नुसता गप्प राहिलो नाही, 'नाना म्हणजे ना!' असं म्हणून वर हसलोही.

शुभाने मग निर्णय दिला. तिकडे सीमेपासून थिंफूपर्यंत एका गाडीत बसून जायचं आहे. तेव्हा बुकिंग करण्याआधी परीक्षा. जुन्या रस्त्याने खंडाळ्यापर्यंत जायचं. नानांनी तग धरला तर चौघं, नाहीतर आम्ही दोघंच. नाना म्हणाले, "मान्य." त्या रात्री त्यांच्या गॅलरीतली खुर्ची पहिल्यांदाच सकाळ नसताना फिरताना दिसली, आणि तिच्यात कोण बसलंय ते बघायला मी चष्मा शोधला नाही.

परीक्षेच्या दिवशी वहिनी माझ्या शेजारी, शुभा आणि नाना मागे. खोपोली सोडली, घाट सुरू झाला. आरशात बघतो तर काय, नानांनी बुडाखालचा पेपर ओढून काढला होता आणि राशिभविष्य वाचायला घेतलं होतं. मोठ्याने आणि सगळ्या राशींचं. "कन्या. प्रवासात संयम बाळगावा. तूळ. जुनी येणी वसूल होतील." वळणामागून वळणं जात होती आणि हा माणूस बारीक टायपातलं वाचत, मधून मधून शेंगदाणे तोंडात टाकत होता. मला घाटात मैलाचा दगड वाचला तरी मळमळतं. मी शुभाला आरशातून खूण केली की खुर्चीने चमत्कार केलाय.

वहिनी मघापासून नुसत्या समोर बघत होत्या.

"मकर. अंगीकृत कार्यात..." नाना वाचता वाचता थांबले. पेपर खाली गेला. "पेंडशा, थांबव! मला होतंय! थांबव लवकर!"

मी एका उभ्या ट्रकच्या पुढे गाडी घातली. थांबते न थांबते तोच नाना उतरले, पुढचं दार उघडून म्हणाले, "सुमन, चल, मला धर," आणि दोघं ट्रकच्या मागे गेले. मग जो आवाज सुरू झाला तो मी आयुष्यात विसरणार नाही. कठड्यावरची माकडं झाडावर चढली. शुभाने काच वर घेतली. "झालं तुमचं भूतान," ती म्हणाली. "बिचाऱ्या वहिनी."

मी पाण्याची बाटली घेऊन गेलो.

ट्रकच्या मागे वहिनी कठड्याशी वाकल्या होत्या. नानांनी एका हाताने त्यांचं कपाळ धरलं होतं आणि दुसऱ्या हातात त्यांचा पदर गोळा करून धरला होता. वहिनींचा आवाजही येत नव्हता. आवाज नाना काढत होते. मान वर करून, आभाळाकडे तोंड करून, पोटातून. चेहरा मात्र आत्ताच आंघोळ करून आल्यासारखा ताजा. ओठाला शेंगदाण्याचं साल चिकटलेलं.

त्यांनी मला पाहिलं. आवाज अर्ध्यावर थांबला. त्यांनी डोळ्यांनीच बाटली ठेव म्हणून सांगितलं, डोळ्यांनीच जा म्हणून सांगितलं, आणि मी वळल्यावर राहिलेला आवाज पूर्ण केला.

"फार झालं का हो नानांना?" शुभाने विचारलं.

"फार," मी म्हणालो.

पण गाडी परत फिरली नाही. "उरलंय किती? पोट आता रिकामं आहे," असं नानांनी जाहीर केलं आणि आम्ही वर पोचलो. खंडाळ्याला रेलिंगपाशी वहिनी उभ्या राहिल्या. चेहरा पांढरा पडलेला, पण दोन्ही हात रेलिंगवर घट्ट. "अगंबाई," त्या शुभाला म्हणाल्या, "हे सगळं आपण खालून बघत होतो होय? रंग तर मी फळ्यावर चुकीचेच भरले की." मग डोळ्यांवर हात धरून त्या पनवेल कुठे दिसतंय ते शोधू लागल्या. शुभा त्यांना चुकीची दिशा दाखवत होती.

नाना आणि मी मागे टपरीवर चहा घेत होतो. त्यांनी ग्लासातल्या चहावर फुंकर घातली. मग म्हणाले, "हिचं माहेर अलिबाग. वरातीची बस कार्लेखिंडीच्या घाटात आली आणि माझ्या मामांच्या नव्या कोटावर... आता नवी नवरी रे. पहिल्याच दिवशी असं नाव पडलं की जन्मभर चिकटतं. आमच्या घरच्या बायका तर असल्या! आणि ही मानी. म्हटलं, माझ्या नावाला चिकटू दे. मला ऑफिसात चार नावं होतीच."

"नाना, पण गणपतीत मी इतकी वर्षं..."

"छान करतोस की नक्कल. फक्त लिंबू डाव्या हातात धरत जा. मी डाव्या हातात धरतो."

"आज मागे बसून कसं कळलं तुम्हाला?"

"मान ताठ झाली तिची." त्यांनी चहा संपवला. रेलिंगकडे बघितलं. "बघ तरी कशी उभी आहे. दोचूला याच्याहून उंच असणार, नाही?"

परतताना पनवेल येईपर्यंत मी मनात वाक्य जुळवत होतो. शेवटी घरी येऊन शुभाला सरळच सांगितलं, "द्रोणागिरीला सीटवर झालं ते माझं होतं. मलाही लागते. तेव्हा नापास करायचं तर दोघांना कर." शुभाने पुन्हा कमरेवर हात ठेवले. "म्हणजे आता दोन?" तिने खोल श्वास घेतला. मग म्हणाली, "ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा, दर थोड्या वेळाने थांबायचं. वहिनींचा दोचूला मी तुम्हा दोघांच्या पोटांपायी बुडू देणार नाही."

बुकिंग झालं. ही बातमी तिने सोसायटीत माझ्या आधी पोचवली, आणि या वर्षी गणपतीत माझी नक्कल होणार हेही त्याच संध्याकाळी ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझी कॉम्प्युटरची खुर्ची उचलून समोरच्या बिल्डिंगमध्ये नेली. खाली दूधवाला सायकल थांबवून वर बघत उभा. नाना आपल्या खुर्चीत लिंबू घेऊन तयार होते. मी शेजारी बसलो.

वहिनी आतून आल्या. हातात आणखी एक लिंबू होतं. ते त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं.

"तुम्हालाही लागते म्हणे, भाऊजी?"

"हो ना. अलीकडेच सुरू झालंय."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. शाळेत खोटं बोलणाऱ्या मुलीकडे बघत असतील तशा. मग माझ्या खुर्चीमागे आल्या, पाठीवर दोन्ही हात ठेवले आणि नानांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाल्या, "आवाज मात्र मोठा काढा हं. यांचा एकट्याचा आता पुरत नाही."

आणि त्यांनी धक्का दिला.