आयर्न कोव्हच्या टवका उडालेल्या सलगमाची बखर

आयर्न कोव्ह प्राथमिक शाळा, इयत्ता तिसरी, येथील चिरंजीव बालमंडळींसी अनेक आशीर्वाद. तुम्ही सहलीस हॉकीच्या बर्फगृहात आलां आणि काचेच्या कपाटासमोर उभे राहोन दोन सवाल केले. एक, जेथे चषक ठेवावयाचा तेथे सुकलेले सलगम का ठेविले आहे? दोन, त्याचा टवका कोठे गेला? सवाल वाजवी आहेत. मोठी माणसे त्या कपाटावरून रोज जातात, परंतु कोणी विचारीत नाही. यास्तव जे घडले ते, कोणाची भीड न धरता, आरंभापासून अखेरपर्यंत लिहिले आहे. चित्त देऊन ऐकावे आणि मध्येच खिडकीबाहेर पाहू नये.

सरोवराच्या काठी बिशप हॅलोरन कॉलेजाचे संस्थान आहे, आणि त्या संस्थानाची बर्फावरील हॉकीची पुरुषांची फौज आहे, आणि त्या फौजेचे सरसेनापती मार्सेल ट्रुडेल हे एकोणीस हिवाळे शिट्टी गळ्यात अडकवोन बाकामागे उभे आहेत. काठीने काळी रबरी चकती शत्रूच्या जाळीत घालावी, एवढेच या युद्धाचे प्रयोजन. ते तुम्हांस शिकवणे नलगे. त्या वर्षी आपल्या फौजेस मात्र शिकवावे लागत होते.

मोहीम नोव्हेंबरात सुरू जाहली. फौज पिवळ्या बसमध्ये बसोन परमुलखी गेली, आणि सात गोल खाऊन परत आली, आणि सेनापतींनी जाहीर केले की, आमचा नैतिक विजय जाहला. मग दुसऱ्या मुलखी गेली, तेथे नऊ खाल्ले, आणि सेनापतींनी जाहीर केले की, बसची उष्णता बंद पडल्यामुळे गुडघे आखडले. मग तिसऱ्या मुलखी बस उत्तम गरम होती, तेथेही सहा खाल्ले, तेव्हा दोष वाटेत प्यालेल्या सूपाकडे गेला. येणेप्रमाणे हिवाळाभर कारणांचा खजिना भरत गेला आणि विजयाचे खाते रिकामे राहिले.

फौजेचा सरनौबत वेस्ली कारव्होनेन, चौथ्या वर्षाचा. छाती रुंद, आवाज मोठा, आणि चार वर्षांत गोल शून्य. त्याने फर्मान काढिले की, फत्ते होईपर्यंत कोणी दाढी करू नये. त्यास वाटले, दोन आठवड्यांचा प्रश्न आहे. फेब्रुवारी उजाडला तेव्हा फौज फौज न दिसता जंगलात वाट चुकलेल्या लाकूडतोड्यांची टोळी दिसो लागली. गोलरक्षक टोबायस नीमी याची दाढी मुखवट्याच्या जाळीत अडकू लागली, आणि ती सोडविता सोडविता त्याने दोन गोल खाल्ले. ज्यांस दाढी येतच नव्हती त्यांनी हनुवटीवर पट्टी लावोन इभ्रत राखली.

आता सलगमाची रीत सांगणे प्राप्त आहे. आपल्या गावी पेस्टी नामे मांसाच्या करंजीच्या सारणात सलगम पडतेच, आणि त्याच सलगमाचा दुसरा मान असा की, घरच्या मैदानावर आपल्या फौजेने पहिला गोल करताच प्रेक्षकांनी एकेक सलगम बर्फावर फेकावे. पहिल्याच गोलास, पुढील गोलास नाही. ही रीत तुमच्या पणजोबांच्या काळापासून आहे, आणि ती निर्वेध चालण्यास एकच अट आहे, ती ही की गोल व्हावा लागतो. त्या हिवाळ्यात घरच्या मैदानावर एकही जाहला नाही. लोक सलगम घेऊन येत, मांडीवर ठेवोन बसत, आणि तेच सलगम परत घरी नेत. महिन्यांमागून महिने तीच सलगमे बर्फगृहाच्या वाऱ्या करीत सुरकुतली, मऊ पडली, चामड्यासारखी जाहली. सेनापतींचे मेहुणे रोलंड बिसेट यांचे सलगम तर असे आक्रसले होते की त्यास चष्मा लावला असता तर कोणी आदराने उठोन जागा दिली असती.

अशात कॉलेजाच्या गादीवर नव्या अध्यक्षा डॉक्टर हिल्डगार्ड प्रुइट आल्या. बाई ॲरिझोनाच्या वाळवंटातील, बर्फ त्यांनी तोवर पेल्यातच पाहिलेले. त्यांनी फौजेचा पराक्रम पाहिला, वीजबिल पाहिले, आणि हुकूम जारी केला तो असा: या हंगामात एकही विजय न मिळाल्यास पुरुषांची हॉकी बरखास्त करावी, बर्फ वितळवावे, आणि त्या जागी पिकलबॉल नामे फळी-चेंडूच्या खेळाची मैदाने आखावी.

हे वर्तमान ऐकोन ट्रुडेल सेनापती आपले हुन्नर मोजो लागले. त्यांस दुसरा हुन्नर येत नव्हता. (हाही येत होता की नाही, यावर गावात दोन मते आहेत.) फौज गेली तर रोलंडाच्या दुकानी बर्फ उडवायची यंत्रे विकण्यास उभे राहणे भाग होते, आणि रोलंड ही गोष्ट दर सामन्यास बाकामागच्या पहिल्या रांगेतून त्यांच्या कानी घालीत असे.

हंगामाचे शेवटचे दोन सामने घरच्या मैदानावर, शुक्रवारी आणि शनिवारी, होल्मक्विस्ट कॉलेजाशी ठरले होते. होल्मक्विस्टची फौज शेवटून दुसरी. शेवटची कोण, हे तुम्हांस कळले असेलच.

शुक्रवारी चार गोल खाल्ले. त्याचे वर्णन करण्याजोगे काही नाही.

शनिवारी दुपारी फौज बर्फावर उतरण्याआधीच रोलंड कठड्यावर ओणवे होऊन बोलले.

"दाजी, एप्रन शिवून आलाय बरं का. खिशावर नावसुद्धा भरलंय."

"गप बस रे. आजचा दिवस तरी गप बस."

"अहो, रंग तरी विचारा!"

"कुठला?"

"नारंगी. गिऱ्हाइकाला लांबून दिसायला हवं ना, आपला माणूस कुठे उभाय ते."

सेनापतींचा हात शिट्टीवर घट्ट जाहला, आणि ज्यांनी पाहिले त्यांनी पाहिले.

मग डॉक्टर प्रुइट यांची स्वारी आली. बरखास्तीपूर्वी एकदा हजेरी लावावी, इतकाच त्यांचा इरादा. रोलंडांनी दरवाज्यातच त्यांस एक ताजे, टणक सलगम नजर केले.

"हे काय?" बाईंनी विचारले.

"आपल्या पोरांनी पहिला गोल केला की बर्फावर फेकायचं, बाई. पहिलाच हं. दुसऱ्याला नाही."

"आणि गोल झालाच नाही तर?"

"मग पुढच्या सामन्याला हेच घेऊन यायचं. माझं बघा ना."

बाईंनी रोलंडांचे सलगम पाहिले आणि एक पाऊल मागे घेतले. "मिस्टर बिसेट, आज हरले तर पुढचा सामना नाही."

"ते माहितेय हो," रोलंड म्हणाले, "तरी रीत ती रीत."

बाईंनी सलगम हातपिशवीत टाकिले.

तीन प्रहरांच्या युद्धास तोंड लागले. पहिला प्रहर निकाली न लागता गेला. होल्मक्विस्टच्या वीरांस जाळी सापडेना आणि आपल्या वीरांस चकती सापडेना. दुसऱ्या प्रहरात डॉक्टर प्रुइट यांस थंडी सोसवेना, म्हणोन त्या कॉफीच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. रांग लांब होती, कारण सामन्यापेक्षा रांगेत अधिक हालचाल होती.

त्याच समयी डेस्मंड लाफ्रेनियर नामे आपल्या एका शिपायाने डोळे मिटोन काठी हाणिली, आणि चकती उडाली, आणि होल्मक्विस्टच्या जाळीवर बाहेरल्या अंगाने आदळली, आणि जाळी थरथरली.

मुलांनो, येथे नीट लक्ष द्या. चकती आत गेली की जाळी हलते, हे खरे. पण बाहेरून लागली तरी हलते. हे येथील तान्ह्या मुलासही कळते. परंतु आपल्या लोकांनी घरच्या फौजेचा गोल मागल्या हिवाळ्यापासून पाहिलेला नव्हता. तो दिसतो कसा, हे ते विसरोन गेले होते. जाळी हलताच सारा तोफखाना एकदम सुटला. शेकडो सलगमे हवेत उडाली आणि बर्फावर पडोन चामडी चेंडूंसारखी उड्या मारू लागली. लोक आलिंगने देऊ लागले. रोलंडांनी आपले सलगम फेकिले आणि त्यांचे डोळे भरोन आले, जणू घरातले माणूस गेले.

पंचांनी दोन्ही हात आडवे करोन सांगितले की, गोल नाही.

वीस मिनिटे फावड्यांनी सलगमे गोळा करण्यात गेली. मग पंचांनी ध्वनिक्षेपकावर फर्मान वाचिले: पुन्हा एकही वस्तू बर्फावर पडली तर यजमान फौजेचा एक गडी दोन मिनिटे बाहेर बसेल. लोकांनी माना खाली घातल्या. फेकण्यास आता होतेच काय? सगळा दारूगोळा सरोवराच्या वाऱ्यावर उडवावा तसा उडविला होता.

डॉक्टर प्रुइट कॉफी घेऊन परतल्या तेव्हा बर्फ स्वच्छ होते आणि कोणी काही बोलत नव्हते. त्यांनी शेजाऱ्यास विचारले, काही विशेष? शेजारी लाजेने म्हणाला, "छे, काही नाही."

तिसरा प्रहर सरत आला. सेनापतींनी शिट्टी दातांत धरिली होती. इतक्यात कारव्होनेन सरनौबत शत्रूच्या जाळीसमोर धावोन गेला, आणि कोणी स्पर्श न करता, आपल्याच पायात पाय अडकोन, पालथा पडला. त्याच क्षणी मागून लाफ्रेनियरने पुन्हा डोळे मिटोन काठी हाणिली. चकती सरनौबताच्या पार्श्वभागावर बसली, दिशा बदलोन वळली, आणि शत्रूच्या गोलरक्षकाच्या पायांमधून जाळीत गेली. आत गेली.

पंचांनी जाळीकडे बोट दाखविले. गोल.

आणि बर्फगृहात काहीच पडले नाही. लोक उभे राहिले, हात वर गेले, आणि हात रिकामे होते. एका वर्षाची वाट, आणि फेकण्यास काही नाही! अशी शरम या गावाने पूर्वी पाहिली नव्हती. कोणी टाळी वाजविली, तीही अपराध्यासारखी.

त्या शांततेत वरच्या रांगेतून एक ताजे, टणक, जांभळट सलगम मोठा वळसा घेऊन आले आणि पंचांच्या पायांशी फुटले.

सर्वांनी वळोन पाहिले. अध्यक्षा एक हात हवेत धरोन उभ्या होत्या आणि आयुष्यात प्रथमच हसत होत्या.

"बाई!" रोलंड ओरडले, "काय केलंत हे!"

"पहिला गोल झाला ना? तुम्हीच तर दारात सांगितलंत!"

"अहो, पण पंचांनी सांगितलं ना, आता फेकायचं नाही म्हणून!"

"कधी?"

"तुम्ही कॉफीला गेला होतात तेव्हा!"

"मग मला कोणी सांगितलं का नाही?" बाई म्हणाल्या, आणि हा सवाल इतका रास्त होता की साऱ्या रांगेने दुसरीकडे पाहिले.

पंचांनी शिक्षा सुनावली. सामना संपावयास दोनच मिनिटे उरली होती, आणि ती दोन्ही मिनिटे आपल्या फौजेने एक गडी कमी घेऊन लढावी. बाहेर कोणी बसावे, हे सेनापतींनी ठरवावयाचे. ज्याच्या नसण्याने फौजेचे काही बिघडणार नाही असा गडी निवडावा, हा शिरस्ता. सेनापतींस निवड करण्यास फार वेळ लागला, कारण हक्कदार बहुत होते. अखेर लाफ्रेनियर बसला, आणि बसताना त्याने विचारले की, बाकावर उशी मिळेल काय.

मग होल्मक्विस्टच्या पाच जणांनी आपल्या चौघांस घेरिले. टोबायस नीमीच्या छातीवर चकती आदळली, मांडीवर आदळली, मुखवट्यावर आदळली. त्याने अडविली असे म्हणवत नाही. तो तेथे होता, इतकेच. सेनापती बाकावर चढले, खाली उतरले, पुन्हा चढले. रोलंडांस प्रथमच एप्रनाचा विसर पडला. आणि वरच्या रांगेतून डॉक्टर प्रुइट, ज्यांनी या फौजेच्या नाशाचा हुकूम स्वहस्ते लिहिला होता, त्या कॉफीचा पेला चुरगाळोन ओरडत होत्या, "अहो अडवा! अडवा ना त्याला, दाढीवाले!" दाढीवाले सगळेच असल्यामुळे कोणास आज्ञा जाहली हे कळले नाही, आणि कोणी अडविले नाही.

शेवटच्या क्षणी त्यांचा उंच सरदार चकती घेऊन एकटा निघाला. नीमी भलत्याच कोपऱ्यात पालथा. समोर जाळी उघडी. सरदाराने काठी उगारली.

आणि त्याचे पाऊल पडले ते सलगमाच्या टवक्यावर. अध्यक्षांचे सलगम ताजे म्हणोन फुटले होते. मोठा गड्डा पंचांनी उचलला, पण एक टवका बर्फावर बर्फासारखाच पांढरा दिसत राहिला होता. सरदार हात पसरोन, जाळीत नव्हे तर जाळीशेजारून, भिंतीपर्यंत पोटावर घसरत गेला. चकती जागीच राहिली. भोंगा वाजला.

होल्मक्विस्टचे सेनापती लाल होऊन पंचांकडे धावले. "कचरा होता बर्फावर! यांच्याच लोकांनी टाकलेला!"

"होता ना," पंच म्हणाले, "त्याचीच शिक्षा चालू होती. एका सलगमाच्या किती शिक्षा देऊ?"

येणेप्रमाणे बिशप हॅलोरन कॉलेजाच्या फौजेने, सरनौबताच्या पार्श्वभागाच्या आणि अध्यक्षांच्या अज्ञानाच्या बळावर, एक विरुद्ध शून्य अशी फत्ते केली. हंगामातील पहिली, आणि हंगाम तेथेच संपल्यामुळे शेवटचीही. फौज क्रमवारीत जेथे होती तेथेच, म्हणजे तळाशी, राहिली. त्याच सायंकाळी दाढ्या उतरल्या, आणि दोघा-तिघांच्या आयांनी खात्री करण्यास नाव विचारले.

डॉक्टर प्रुइट यांनी आपला हुकूम आपणच रद्द केला आणि नवा काढिला की, गोल होवो वा न होवो, बर्फ राहील. ट्रुडेल सेनापतींनी विजयोत्तर भाषणात आपल्या व्यूहरचनेचे वर्णन केले, ते अद्याप कोणास समजले नाही. रोलंडांनी नारंगी एप्रन घडी करोन ठेविला आहे, फेकलेला नाही. ते म्हणतात, "दाजी आहेत, पुढचा हंगाम आहे. घाई कशाला?"

पंचांनी उचललेले सलगम अध्यक्षांच्या आज्ञेने कपाटात ठेविले, हा पहिल्या सवालाचा जबाब. दुसऱ्याचा असा की, तो टवका त्या उंच सरदाराच्या स्केटच्या पात्यास चिकटोन होल्मक्विस्टच्या मुलखी गेला. त्या दिवशी त्यांनी आपल्याकडून जिंकून नेले ते एवढेच. तो परत मागावा असा आग्रह काहींचा आहे. अध्यक्षा म्हणतात, राहू द्या; त्यांच्याकडेही काचेचे कपाट असेल, आणि त्यातही ठेवण्यास काही नसेल.