मोजणारा एकच होता

समतोल या विषयात मला कुणी शिकवायला येऊ नये! बावीस वर्षं दुकानादुकानांतून वजनकाटे तपासत फिरतोय. म्हणूनच लेकीच्या खेळाचा सूत्रधार दुसऱ्या शहरात राहायला गेला आणि ती तोंड पाडून खोलीत बसली, तेव्हा मी छाती ठोकून म्हटलं, "मी होतो सूत्रधार!"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. या खेळात जो तो एकेक पात्र घेतो, फासे टाकतो, आणि सूत्रधार गोष्ट सांगत सांगत सगळ्यांच्या अंगावर राक्षस सोडतो. राक्षस दुबळा निघाला तर खेळाडू जांभया देतात, दांडगा निघाला तर मरतात. दोन पारडी बरोबर राखायची, बस. म्हणजे माझंच काम की!

लेकीने तिची वही माझ्यापुढे सरकवली. तिचं पात्र म्हणजे दिवेवाली, दोन वर्षं जपलेलं.

"बाबा, ही मेली तर मेली. आमच्यात परत जिवंत करत नाहीत. आणि मला झुकतं माप नको हं. फासा खोटा सांगितलास तर मला कळेल."

लेक सोळा वर्षांची. हल्ली माझ्याशी 'हो', 'नाही' आणि 'दार लाव' एवढंच बोलते. ती एकदम इतकं बोलली म्हणून मला भरून आलं, आणि तेवढीच भीतीही वाटली.

आठवडाभर आकडेमोड करून मी एक अचूक राक्षस घडवला. त्याचं नाव मोजणारा. बंद पडलेल्या कोठारात तो माणसं मोजतो. जो जास्तीचा वाटेल त्याच्या कपाळावर खडूची रेघ ओढतो. रेघ पडली की माणूस गप्प. सगळ्यांवर रेघ पडली की सगळे कायमचे मेले.

माझं अक्षर मलाही लागत नाही, म्हणून बायकोने सगळं कार्डावर उतरवून दिलं. ती औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचणारीला माझं अक्षर म्हणजे डाव्या हातचा मळ! चौथा खेळाडू कमी पडत होता, तिथेही तीच बसली. उरलेले दोघे लेकीचे मित्र, एक लंबू आणि एक चष्मेवाली.

रविवारी चार वाजता पडदे ओढले, टेबलावर एकच छोटा दिवा ठेवला. मी आवाज खाली आणला.

"कोठाराच्या मधोमध एक मोठा तराजू टांगलाय. दोन्ही पारडी रिकामी. तरी एक पारडं खाली गेलंय."

लंबूने खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"अंधारात कुणीतरी मोजतंय. एक... दोन... तीन... चार..." मी थांबलो. "पाच."

"आम्ही चौघंच आहोत," चष्मेवाली कुजबुजली.

तेवढ्यात खोलीत कुठूनतरी खोल गुरगुर आली. लंबूने पाय वर घेतले. "काका, हा आवाज तुम्ही काढलात?"

मी गूढ हसलो. आवाज माझ्या पोटातून आला होता. आमच्या म्हाताऱ्या वैद्यांच्या पाचक गोळ्या तीन दिवस चालू होत्या, आणि पोट काही ठिकाणावर येत नव्हतं. पण हे सूत्रधाराने कशाला सांगायचं?

मी कार्डाकडे पाहिलं. ठळक अक्षरांत लिहिलं होतं: मोजणारे, 9.

नऊ? क्षणभर काहीतरी खटकलं. पण आमच्या खात्यात पहिल्या दिवशी शिकवतात की आठवणीवर जायचं नाही, कागदावर जायचं. कागद नऊ म्हणतोय तर नऊ!

"मागून दुसरा आवाज मोजायला लागतो," मी म्हटलं. "मग तिसरा. छतावरून चौथा. कुणाचाच ताल जुळत नाही."

"काका, किती आहेत?" चष्मेवालीने विचारलं.

"मोजू नकोस," लेक म्हणाली.

पहिल्याच फेरीत लंबूच्या कपाळावर रेघ पडली. दुसरीत चष्मेवाली गेली. नियमच तसा, म्हणून दोघं तोंड मिटून बसली आणि माझ्याकडे टक लावून पाहायला लागली. तिसरीत बायको गप्प झाली. बाविसाव्या वर्षी... म्हणजे लग्नाच्या, प्रथमच! पण मला आनंद होईना. खोली इतकी शांत झाली की दिव्याची बारीक गुणगुण ऐकू येत होती. अंधाऱ्या कोपऱ्याकडे पाहायचं मीही टाळत होतो.

उरली दिवेवाली. एकटी. समोर नऊच्या नऊ.

"एक," मी नऊ आवाजांत म्हटलं. "आता एकच जास्त."

फासे माझ्या फाइलीच्या आड होते. खोटा आकडा सांगितला असता तर कुणाला कळलं असतं? पण जन्मभर दुसऱ्यांचा काटा पकडला, आता पोरीसमोर स्वतः काटा मारू? मला रडू यायच्या बेतात होतं, खरंच सांगतो.

तेवढ्यात ती वाकली आणि टेबलावरचा दिवा बंद केला.

"दिवेवाली दिवा विझवते," अंधारातून तिचा आवाज आला. "आता ते कुणाला मोजणार?"

"ए... एकमेकांना," मी चाचरलो. "एक, दोन..." मी नऊपर्यंत आलो.

अगदी माझ्याच आवाजात, माझ्या कानाशी कुणीतरी म्हणालं, "दहा."

मी खुर्चीसकट मागे पडलो! दिवा लागला तेव्हा लेक माझ्या मागे उभी होती.

"एक जास्त झाला, बाबा. आता शोधू देत त्यांना, जास्तीचा कोण ते."

फासे तिच्या बाजूने पडले. अंधारात मोजणाऱ्यांनी एकमेकांवर रेघा ओढल्या, एकेक आवाज बंद होत गेला. दिवेवालीने तिघांची कपाळं पुसली आणि कोठाराचं दार उघडलं.

लेकीने चक्क मला मिठी मारली. "नऊ ठेवलेस! एकच असता तर आम्ही पाच मिनिटांत उडवला असता. कसला काटेकोर समतोल साधलास!"

"बावीस वर्षांचा अनुभव आहे," मी पाठीला बाम चोळत म्हटलं.

पोरं गेल्यावर मी बायकोला माझा मूळ कागद दाखवला. "हा आकडा काय आहे?"

"नऊ."

"अगं, हा मराठी एक आहे! १!"

"मला काय माहीत? डॉक्टर कधी मराठी आकडे लिहितात का?"

"नाही लिहीत," मी म्हटलं. मग मला आठवलं. "वैद्य लिहितात."

मी हळूच विचारलं, "त्या पाचक गोळ्या... तू मला रोज किती देतेस?"

बायको वैद्यांची चिठ्ठी शोधायला उठली. खोलीत पुन्हा ती खोल गुरगुर ऐकू आली, आणि मी धावत सुटलो.