पायाचं पायाले, हाताचं हाताले

पुंडलिकभाऊ कोणत्याही गाडीत बसण्याआधी वाकून ब्रेकच्या पेडलला हात लावतात आणि तो हात कपाळाला टेकवतात. गाडी परक्याची असली तरी. अकोल्याच्या जठारपेठेतल्या एका ऑटोवाल्याने त्यांना असं पायाशी वाकलेलं पाहिलं आणि घाबरून खांदे धरून उठवलं. "काका, काय करता! मी लहान हावो तुमच्यापेक्षा!"

तीस वर्षं भाऊंनी चिखलदऱ्याच्या घाटात बस चालवली. एकदाही चाक घसरू दिलं नाही, हे ते नव्या ओळखीत तिसऱ्या वाक्याला सांगतात. अशा माणसाच्या मुलीला, शुभांगीला, गाडी मुद्दाम घसरवण्याचा नाद लागला. ड्रिफ्टिंग म्हणजे काय ते तिनेच मला, त्यांच्या शेजाऱ्याला, समजावलं: वेगात हातब्रेक ओढून मागची चाकं अडवायची आणि गाडी आडवी घसरवत वळण घ्यायचं.

"मी जल्मभर जे टाळलं, तेच शिकून राहिली तू," भाऊ म्हणाले. दुसऱ्या दिवशी तिची जुनी गाडी त्यांच्या अंगणात जॅकवर चढलेली होती.

तिला तेलाच्या दाबावर चालणारा हायड्रॉलिक हातब्रेक हवा होता. तो पायाच्या ब्रेकच्याच नळीत जोडणं सोपं. भाऊंना ते नामंजूर.

"पायाचं पायाले, हाताचं हाताले. हौसेची नळी फुटली त इज्जतीची शाबूत राहाले पायजे."

म्हणून मागच्या प्रत्येक चाकाला दोन कॅलिपर, म्हणजे चाकाची तबकडी आवळून धरणारे चिमटे. एक पायाच्या हुकमातला, एक हाताच्या. दुसरा बसवायच्या लोखंडी पट्टीचं माप त्यांनी एका लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर कापलं. लग्न त्याच संध्याकाळी होतं, हे भाऊंना आणि मला चार दिवसांनी आठवलं.

मग नळीतली हवा काढायचा रविवार उजाडला. मी मराठी शिकवतो. त्या दिवशी हातब्रेकचा दांडा ओढला. "ओढा सर... धरा... सोडा," भाऊ चाकापाशी बसून सांगत होते. दुपार झाली तरी दांडा लोण्यासारखा मऊच, म्हणजे हवा अजून आतच. शेवटी शुभांगी चाकामागे वाकली.

"बाबा, डावा कॅलिपर उजवीकडं बसवला तुमी. हवा सोडायचं तोंड खाली गेलं. हवा वर जाते."

भाऊंनी वाकून पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पाहा सर, नजर पाहा पोरीची!" चूक त्यांची आणि अभिमानही त्यांचाच.

अमरावतीच्या मैदानावर घसरण्याच्या स्पर्धेचं उद्घाटन झालं. पाहुणे रस्ता सुरक्षेवर पाऊण तास बोलले. मग शुभांगीने दांडा ओढला, चाकं थबकली आणि गाडी धुरात आडवी, देखणी वळली. तिसऱ्या वळणावर मात्र ती वळेचना. थेट टायरांच्या भिंतीकडे निघाली. भाऊंनी माझा दंड धरला. गाडी भिंतीपासून हातभर अलीकडे थांबली.

हातब्रेकची नळी फुटली होती. पायाचा ब्रेक शाबूत होता. बक्षीस गेलं.

"माही नळी फुटली!" भाऊ अनोळखी लोकांना धरून सांगत होते. "मी बसवलेली! अन् पोरीनं पाय टाकला, बस!" स्वतःच्या कामाचा बोजवारा इतक्या ताठ मानेने मिरवणारा माणूस मी पाहिला नाही.

ड्रिफ्टची गाडी टेम्पोने परत पाठवली. अकोल्याला घरी परतताना माझी गाडी शुभांगीने चालवायला घेतली. मी मागे बसलो. भाऊ पुढचं दार उघडून सवयीने वाकले, अर्ध्यात थांबले आणि नुसतेच सीटवर बसले.

"भाऊ, आज ब्रेकच्या पाया नाही पडलात?"

"पडलो असतो," ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले. "पण तिचा पाय हाय आता त्याच्यावर."