हौसाक्काचा कॅप्टन मोरे

हौसाक्काशी माझी खरी ओळख झाली ती तिने माझ्या गळ्याला टेप आवळली तेव्हा.

मी आपला दुकानात कुणाच्या तरी सातबाऱ्याची झेरॉक्स काढत होतो. मागून आली, काही न बोलता गळ्याभोवती टेप फिरवली, मग ती नाकावर आडवी धरली, मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. खडूने स्वतःच्या मनगटावर आकडे लिहिले आणि म्हणाली, "झ्याक! राक्षस घावला."

आणि गेली. गिऱ्हाईक माझ्याकडे बघतंय, मी गिऱ्हाइकाकडे. दुसऱ्या दिवशी ती झेरॉक्सला एक कागद घेऊन आली. त्यावर काळ्या धुरातून वर आलेला एक अक्राळविक्राळ राक्षस होता. शिंगं सोडली तर हुबेहूब मी. आमच्या हिने तो बघितला आणि म्हणाली, "शिंगं का न्हाई काढली?" मी म्हणालो, "काढलीत की." तर म्हणते, "व्हय का? मला वाटलं नेहमीचाच फोटो."

इस्लामपुरात स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं झेरॉक्सचं दुकान. समोर हौसाक्काचं शिलाईचं. मध्ये फक्त गटार. आक्काचा आवाज असा, की तिने "सुई कुठं पडली गं बया" म्हटलं की तिकडं साखर कारखान्याचा भोंगा ओशाळून अर्धा सूर खाली येतो. बायका म्हणतात, आक्काने शिवलेल्या ब्लाऊजची शिवण उसवली असं आजवर झालेलं नाही; कापड फाटेल, बाई फाटेल, पण शिवण नाही.

नवरा फार पूर्वी गेला. मुलगा संदीप, म्हणजे संद्या, फौजेत. तोच एका सुट्टीत तिला मोबाइलवर एक मालिका लावून देऊन गेला. परदेशी मालिका, हिंदीत बोलणारी, दर शुक्रवारी एक भाग. उंच डोंगरातलं एक राज्य, तिथली फौज हत्तीएवढ्या गरुडांवर बसून उडते, आणि खिंडीपलीकडून धुराचा राक्षस सारखा आत घुसायला बघतो. खिंडीवर पहाऱ्याला कॅप्टन मोरेथ नावाचा एक देखणा गडी. संद्या तिकडून बघायचा, आक्का इकडून बघायची, आणि भाग संपला की फोनवर दोघं तासभर भांडायची. आक्काचा तो आठवड्याचा सण.

मग संद्याची बदली झाली वर, बर्फातल्या एका चौकीवर. तिथं मोबाइल म्हणजे नुसती बॅटरी. कधीमधी फौजेच्या फोनवरून दोन मिनिटं बोलणं, तेही "बरा हाय, जेवलो" एवढंच. जाताना तो म्हणाला होता, "आई, फुडं काय झालं त्ये मला कळवत ऱ्हा." दुसरी एखादी आई चार ओळी लिहून मोकळी झाली असती. हौसाक्काने सगळी मालिका चित्रांत काढायला घेतली.

आता, या बाईने जन्मात रांगोळीपलीकडे काही काढलेलं नाही. पण हात कटिंगचा. ब्लाऊजचा नमुना कापायचा असतो ना, त्या खाकी कागदावर ती आधी खडूने आणि मग बॉलपेनने काढायची. चौकटी चौकोनी असतात हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. कापड वाया जाऊ नये म्हणून नमुने जसे एकमेकांत बसवतात तशा तिने चौकटी बसवल्या. एक चौकट बाहीच्या आकाराची, एक गळ्याच्या, एक पाठीच्या. पहिलं पान माझ्या हातात आलं तेव्हा मी ते चारी बाजूंनी फिरवलं.

"आक्का, हे वाचायचं कुटनं?"

"कुटनं म्हंजे? आदी बाही, मग गळा, मग पाठ. आस्तर असलं तर शेवटाला. येवडं बी कळंना व्हय तुला, दिलीपा?"

आणि कथा! तिच्या हातात मोरेथचा मोरे झाला. तिसऱ्या पानापर्यंत गल्लीची खात्रीच पटली की हा गडी आपल्या वाळव्याकडचाच. राणी यिल्वीनाची विमल झाली, काठपदराच्या साडीत सिंहासनावर बसली, आणि तिचा ब्लाऊज दर पानावर नव्या फॅशनचा. पुढं पुढं बायका पान बघून "मला विमलसारका गळा पायजे" म्हणून नाव सांगायला लागल्या. फौजेचे गरुड दावणीला बांधलेले, पुढ्यात घमेल्यात सरकीपेंड. आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात मोरेची आई. हातात डबा.

"आक्का, मालिकेत त्याला आई दावलीच न्हाई की," मी एकदा म्हणालो.

"दावली न्हाई म्हंजे नसती व्हय रं? मग त्यो काय शेंगंत उगावला?"

राक्षसाने फार बोलू नये.

पान झालं की दर सोमवारी माझ्याकडे यायचं. मूळ कागद तिच्या पेटीत, एक झेरॉक्स संद्याला फौजेच्या टपालाने. मी म्हटलं, "एक माझ्या दुकानात लावू का?" ती म्हणाली, "लाव. पर राक्षसाखाली तुजं नाव टाकू नगो, त्याला वाईट वाटंल." मी दोरीला चिमटा लावून पान टांगलं, आणि इथून जे सुरू झालं ते सांगितलं तर तुम्ही म्हणाल दिल्या फेकतोय. सोमवारी दुकानापुढं एवढी गर्दी, की एकदा फौजदाराने जीप थांबवली. आधी गर्दी हटवली, मग स्वतः बाहीपासून आस्तरापर्यंत वाचून "पुढचं कधी?" विचारून गेला. एक कंडक्टर रोज शिराळ्याची फेरी करायचा, तो दहा झेरॉक्स घेऊन जायचा. नागपंचमीसाठी गाजलेल्या त्या शिराळ्याहून निरोप आला, "आमचा नाग पायजे." आक्काने पुढच्याच पानात मोरेच्या फौजेत नाग भरती केला. गरुड आणि नाग एका फौजेत कसे, असं कुणीतरी विचारलं, तर म्हणाली, "एका लंगरात जेवत्यात, कोण कुणाला खातंय?" जत तालुक्यात तर म्हणे पाण्याच्या टँकरची वाट कमी आणि टँकरवाल्याच्या खिशातल्या पानाची जास्त बघायचे. हे मी टँकरवाल्याकडून ऐकलं, आणि टँकरवाला माझ्याहून थापाडा आहे, तेव्हा निम्मं धरा.

मग तो शुक्रवार आला. मालिकेत कॅप्टन मोरेथ मेला.

खिंडीत एकटा उभा राहिला, धूर अंगावर आला, आणि बर्फावर नुसतं त्याचं शिरस्त्राण उरलं. सगळ्या गल्लीने आपापल्या मोबाइलवर बघितलं. शनिवारी समोरचं मशीन वाजलं नाही. रविवारी नाही. लग्नसराई तोंडावर, बायका कापडं घेऊन दारातून परत. सोमवारी माझ्या दुकानापुढं नेहमीची गर्दी जमली, पण दोरी रिकामी. काय काढेल आक्का? कसं काढेल? कंडक्टरने गाडी पाच मिनिटं उभी ठेवली, शेवटी रिकाम्या हाताने गेला.

आक्का आली ती पुढच्या सोमवारी. डोळे सुजलेले, पदर खोचलेला. पान माझ्यापुढं आपटलं. बाहीत मोरे धुरात शिरत होता. गळ्यात नुसता धूर, सगळा खडू त्यातच संपवलेला. आणि पाठीत मोरे बाहेर येत होता. दंडाला पट्टी, चेहरा काळवंडलेला, पण दोन पायांवर. आस्तरात त्याची आई हळद उगाळत होती.

"आक्का," मी हळूच म्हणालो, "मालिकेत तर त्यो…"

"त्या मालिकेवाल्यांचं माप चुकलंय," ती म्हणाली. "मोजल्याबिगर कात्री लावली मेल्यांनी. झेरॉक्स काड."

काढली. दोरीला लावली. मला वाटलं, आता गल्ली हसणार. एकेकाने पान वाचलं. दूधवाला म्हणाला, "बराबर हाय." कंडक्टरने दहा प्रती मोजून घेतल्या, खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "आमच्या शिराळ्यात बी जिताच हाय म्हणा." आणि घंटी मारली.

दोन महिन्यांनी संद्या सुट्टीवर आला. तो यायच्या आधी आक्काने अख्ख्या गल्लीला दम दिला: पोराजवळ मोरे मेल्याचा शब्द जो काढेल, त्याच्या घरचा ब्लाऊज या जन्मात शिवला जाणार नाही. बायकांनी नवऱ्यांना कसं आवरलं ते विचारू नका. संद्याने खिशातून मोबाइल काढला की कुणीतरी त्याला ओढून चहाला न्यायचं. पोराने त्या सुट्टीत इतका चहा प्याला, की फौजेत परत घेतील की नाही अशी मला काळजी.

निघायच्या आदल्या दिवशी तो एकटाच माझ्या दुकानात आला. आधारची झेरॉक्स हवी म्हणाला. मशीन चालू असताना म्हणाला, "दिलीपकाका, मोरे मेला त्ये मला ठावं हाय."

मी मशीन थांबवलं. "कुणी सांगितलं? दूधवाल्यानं?"

"कुणी न्हाई. खाली बेसला उतरलो तवा समद्यांनी मिळून त्यो भाग बघितला. आईचं मोरे वाचल्याचं पान त्याच्या आदीच आलं हुतं." तो हसला. "आमच्या चौकीवर जेवढे हायत, समद्यांस्नी आता ब्लाऊजचं कटिंग येतंय. नवीन गडी वर आला की त्याला आदी सांगायचं, बाबा, हितं मोरे जिता हाय. हितं त्येच चालतं."

"मग आक्काला सांग की. बिचारी जीव मुठीत धरून बसलीया, तुला कळंल म्हणून."

"नगा काका." त्याने बाहेर बघितलं. समोर आक्काचं मशीन वाजत होतं. "माझ्यासाठी काढती असं तिला वाटतंय. मला म्हाईत हाय म्हणून कळलं, तर काढायची थांबंल. मग शुक्रवारी ती एकटी काय करंल?"

तो गेला. जाताना दोरीवरची एक प्रत घेतली, शर्टाच्या आत घातली.

मी एरवी तोंडात तीळ न भिजणारा माणूस. पण हे पोटात ठेवलं. पुढच्या सोमवारी आक्का पान घेऊन आली. मोरे पुन्हा खिंडीवर उभा होता, आणि बर्फ काढायला तिने पांढरा दोरा शिवला होता, टाका टाका करून. मालिका तर केव्हाच संपली होती. ही कथा आता तिच्या मनाची. मी काचेवर पान ठेवलं आणि न राहवून विचारलं, "आक्का, कवापातूर जगवायचं ह्याला?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं एखादी बाई उद्याचं लग्न आहे म्हणून आज कापड घेऊन आली की बघते.

"त्याला पेन्शन बसंपातूर," ती म्हणाली. "आन् नीट काड. आईचा डबा कापला जातुया कडंला."