मूठ असलेली तिजोरी

समोरच्या ऑरिनच्या गॅरेजमधून गवत कापायचं यंत्र चोरीला गेलं, आणि आमच्या घरात पिस्तूल आलं. या दोन घटनांच्या मध्ये जे काही घडलं, त्याला माझी बायको नडीन 'वेंडेलचा विचार' म्हणते. (माझ्या विचारांबद्दल ती नेहमी एकवचनातच बोलते.)

यंत्र गेलं त्याच सकाळी नडीनने निळी बॅग भरून झोपायच्या खोलीच्या दाराशी आणून ठेवली.

"माझ्या डोळ्याला डोळा लागायचा नाही आता," ती म्हणाली. "काहीतरी बंदोबस्त कर, नाहीतर मी निघाले टूसॉनला, लुसिंडाकडे."

लुसिंडा म्हणजे तिची बहीण. तिच्याकडे गेलेली माणसं लवकर परतत नाहीत. तिथे पोहायचा तलाव आहे. मी जिल्हा कचेरीत जमिनींच्या नोंदी ठेवण्यात उभी हयात घालवलेला माणूस. मला टोस्टखेरीज काही करता येत नाही, आणि टोस्टबद्दलही दोन मतं आहेत. ती बॅग दाराबाहेर न पडता परत कपाटात गेली पाहिजे, एवढं मला ताबडतोब कळलं.

कुत्रा पाळावा, तर नडीनला शिंका येतात. मग अमेरिकेतल्या आमच्या मिझुरी राज्यात फार डोकं खाजवावं लागत नाही. उपाय मासेमारीच्या दुकानातच मिळतो, गळ आणि गमबूट यांच्या मधल्या कपाटात.

"कशासाठी हवंय, काका?" दुकानातल्या डेन्व्हरने विचारलं.

"बायकोला झोप लागावी म्हणून."

तो किंचित मागे सरकला.

"चोरांसाठी रे," मी घाईघाईने म्हणालो.

त्याने दिलेल्या पहिल्या पिस्तुलाचा वरचा भाग मागे ओढायचा असतो. मी ओढला. तो आला नाही. मी दात-ओठ खाऊन ओढला. माझ्या शेजारी एक आजीबाई पुतणीच्या लग्नात द्यायला काहीतरी बघत होत्या. त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं, खट्कन ओढून दाखवलं आणि "असं, बाळ," म्हणून परत दिलं. डेन्व्हरने माझ्यापुढे रिव्हॉल्व्हर ठेवलं. "यात ओढायचं काही नाही, काका."

त्यासोबत मी एक छोटी तिजोरी घेतली. आकड्यांचं कुलूप, आणि उचलायला सोयीची म्हणून वर छान मूठ. अंगणात लावायची पाटी फुकट मिळाली: 'आत कुत्रा नाही. पिस्तूल आहे.' घरी पोचल्यावर मी पहिली ती पाटी ठोकली. (ठोकताना अंगठ्यालाही लागलं, पण तो या कथेचा भाग नाही.)

नेमबाजी शिकवायला आर्डिथबाई होत्या. त्यांनी पूर्वी गावातल्या अर्ध्या पोरांना रविवारी बायबल शिकवलेलं, त्यामुळे पिस्तुलाचे नियमही त्या दहा आज्ञांच्या सुरात सांगत. भरलेलंच आहे असं समजावं. ज्याचा जीव घ्यायचा नाही, त्याच्याकडे रोखू नये. नेम धरेपर्यंत बोट चापावर ठेवू नये.

"वेंडेल, बोट!"

"कुठलं?"

"ज्याच्यामुळे पेपरात नाव येतं ते!"

माझ्या शेजारच्या जागेवर आमचे पाद्री, ट्रेडवेलबाबा, सराव करत होते. त्यांच्या पिस्तुलातून उडालेलं एक तापलेलं रिकामं काडतूस थेट माझ्या कॉलरमधून आत गेलं. मी रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं (हा एक नियम मला आठवला) आणि नाचू लागलो. ट्रेडवेलबाबांना वाटलं, इतक्या वर्षांनी माझ्या अंगात पवित्र आत्मा संचारला. त्यांनी हात जोडले.

शेवटी नेम धरायचे कागद काढून आणले गेले. कागदावर छापलेला माझा चोर ठणठणीत होता. ट्रेडवेलबाबांच्या चोराला मात्र त्यांनी झाडलेल्या गोळ्यांपेक्षा जास्त भोकं पडली होती.

"त्याची कृपा," ते वर बघून म्हणाले.

आर्डिथबाईंनी माझ्याकडे बघितलं. "वेंडेल, कागद जपून घरी ने. पुन्हा वापरता येईल."

नडीनच्या दृष्टीस पडू नये म्हणून मी तो घडी घालून तिजोरीतच ठेवला.

मग घरात रंगीत तालीम. दुपारी पडदे ओढून मी पलंगावर पडलो, आणि नडीन चोर होऊन स्वयंपाकघरात शिरली. कानातलं यंत्र काढलेलं असल्यामुळे मला चोर ऐकू आला नाही. त्याला हाका माराव्या लागल्या. यंत्र कानात घातलं, तर कुलपाचे आकडे दिसेनात. चष्मा शोधला, तो चोराच्या बाजूला, फ्रिजवर होता. अखेर रिकामं रिव्हॉल्व्हर घेऊन मी पोचलो, तेव्हा चोर कॉफी पिऊन कप विसळत होता.

"ये," चोर म्हणाला. "आणि बोट!"

पण त्या रात्रीपासून नडीन ढाराढूर झोपू लागली. बॅग अजून दाराशीच होती, तरी माझी छाती फुगली. मी भेटेल त्याला सांगत सुटलो की घरात पिस्तूल असलं म्हणजे बाईमाणसाला झोप लागते. आर्डिथबाई नुसतं "हो का?" म्हणाल्या.

पुढच्या रविवारी चर्च आणि तिथलं जेवण आटोपून आम्ही घरी आलो, तर मागचं दार फोडलेलं. टीव्ही जागेवर. चांदीचे चमचे जागेवर. फक्त तिजोरी नव्हती.

मी पलंगावर बसलो. माझ्या पिस्तुलाने आता कुठेतरी कुणाचा तरी जीव जाणार, एवढंच दिसत होतं.

शेरीफच्या कचेरीतून लेलँड आला. "बाहेरची पाटी तुम्ही लावलीत, काका?"

"हो."

"म्हणजे आत पिस्तूल आहे, हे सांगितलंत. कुत्रा नाही, हेही सांगितलंत. आणि रविवारी सकाळी इथे माणूसही नसतो, हे गावाला ठाऊकच आहे." त्याने टोपी काढली. "वर तिजोरीला मूठ."

"पिस्तूल गेलेलं नाही," नडीन म्हणाली.

आम्ही दोघेही तिच्याकडे वळलो.

"ते आर्डिथच्या कपाटात कुलपात आहे. तालीम झाली त्याच संध्याकाळी नेऊन दिलं. तिजोरीत मक्याच्या दाण्यांचा डबा ठेवला होता. वेंडेलला उचलून बघायची सवय आहे."

"पण कुलूप?" मी विचारलं. "लग्नाची तारीख ठेवली होती मी!"

"लग्नाची तारीख लावली, तर उघडेना. मग तुला जी वाटते ती लावली."

"आणि तुझी झोप?"

"ते तुझ्या उशाशी असताना मी डोळा मिटणार होते? चोर आला तर एकदा येईल. मी रात्री रोज बाथरूमला उठते." तिने निळी बॅग उचलली आणि पायाने कपाटात ढकलली. "जाऊ दे. चोर येऊन गेला. एकदा लुटलेल्या घरात आता कोण येतंय?"

दुसऱ्या दिवशी लेलँडला तिजोरी ओढ्याकाठी सापडली, पहारीने उचकटलेली. मक्याचा डबा चोराने नेला होता. एक घडी घातलेला कागद तेवढा मागे ठेवला होता. लेलँडने तो उलगडला, उजेडात धरला, मागूनपुढून पाहिला.

"यावर तर साधा ओरखडाही नाही. पुरावा म्हणून ठेवू का, काका?"

"ठेव की," नडीन म्हणाली. "पुरावाच आहे तो. पण चोराविरुद्ध नाही."