सोबत जोडले : मूळ कासव, एक नग

एका जंगलात, मुलांनो, सगळं काही नियमाने चालायचं. झरासुद्धा परवानगी काढून वाहायचा म्हणे. मी काही बघायला गेलो नव्हतो.

त्या जंगलात साळूबाई नावाचं एक साळिंदर राहायचं. साळूबाई राजचित्रकार होती. आपल्याच पाठीचा काटा उपटायचा, रंगात बुडवायचा आणि चित्र काढायचं, ही तिची रीत. चित्र मोठं असलं की पाठीला गार वारा लागायचा. पण या कामावर तिला उन्हाच्या उतारावरचं एक उबदार सरकारी बीळ मिळालं होतं, म्हणून ती कुरकुर करत नसे.

बिळाच्या दारात दगडूआबा बसलेले असत. आबा म्हणजे महाकाय कासव. वय दीडशे वर्षं, आकार बैलगाडीएवढा. साळूबाई रंगाची वाटी आबांच्या पाठीवर ठेवायची. दुपारचा चहाही तिथेच. "आबा, हलू नका हं," ती म्हणायची, आणि आबा हलत नसत. ते त्यांना छान जमायचं.

एके दिवशी सिंहमहाराजांच्या मनात आलं, की जंगलातल्या सर्वांत वृद्ध रहिवाशाचा सत्कार करावा आणि त्याचं चित्र दरबारात लावावं. हुकूम सुटला. पौर्णिमेपर्यंत आबांचं चित्र मंजूर झालं पाहिजे, नाहीतर साळूबाईने बीळ खाली करायचं.

साळूबाई हसली. आबा तर दारातच होते. तीन दिवसांत चित्र तयार. मानेच्या सुरकुत्या, डोळ्याच्या कडेचं पाणी, पाठीवरचे चहाचे गोल डाग, सगळं हुबेहूब. ती चुकून त्या चित्रावरच वाटी ठेवायला गेली.

चित्र घेऊन ती कचेरीत पोचली. चित्रं मंजूर करणारे बगळेसाहेब एका पायावर उभे होते. दुसरा पाय रजेवर होता.

"संदर्भाचे फोटो कुठायत?" त्यांनी विचारलं. "जवळून काढलेले. मान, पाय, पाठ."

"साहेब, मी डोळ्यांनी बघून काढलंय."

"डोळ्यांनी बघणं आपण बंद केलंय, बाई."

बंद का केलं, तर आधीच्या राजचित्रकाराने महाराजांचं चित्र नीट बघून काढलं होतं. महाराजांचा पडलेला दात त्याने पडलेलाच दाखवला. तेव्हापासून फोटो जोडल्याशिवाय चित्र नाही.

जंगलात कॅमेरा एकच, माकडाचा. साळूबाईने त्याला केळी कबूल केली. माकडाने फोटो आणले. पहिल्यात माकड हसत होतं आणि मागे थोडेसे आबा होते. दुसऱ्यात माकड आबांवर उभं होतं. तिसऱ्यात नुसतंच माकड.

"अरे बाबा, जवळून हवेत. आणि आबांचे हवेत," साळूबाई म्हणाली.

मग माकड इतकं जवळ गेलं, की फोटोत नुसत्या भेगा आल्या. बगळेसाहेबांनी तो फोटो सुलटा बघितला, उलटा बघितला. "हे आटलेलं तळं आहे," ते म्हणाले. "तळ्यांचं खातं पलीकडे."

कॅमेरा घारीला दिला. घारीच्या फोटोत आबा वाटाण्याएवढे आले.

पौर्णिमा उद्यावर आली. साळूबाई आबांच्या पाठीला टेकून रडू लागली. साळिंदराला टेकू देणारं त्या जंगलात दुसरं कोण होतं, सांगा बघू.

"काय झालं गं?" आबांनी विचारलं.

"आबा, तुमचा जवळचा फोटोच मिळत नाही."

आबांनी सावकाश विचार केला. "मग मलाच ने की," ते म्हणाले. "माझ्याहून मी आणखी जवळचा कुठून आणायचा?"

साळूबाईने डोळे पुसले आणि अर्ज लिहिला. खाली लिहिलं : सोबत जोडले, मूळ कासव, एक नग.

कचेरी दोनशे पावलांवर. दोघं पहाटे निघाली आणि कचेरी बंद व्हायच्या आत पोचलीसुद्धा. बगळेसाहेबांनी सगळे नियम चाळले. मूळ कासव चालणार नाही, असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्यांनी आबांच्या पाठीवर शिक्का मारला. दोरा ओवायला भोक पाडू बघितलं, तर भोक पाडायचं यंत्रच मोडलं. शेवटी दोरा गळ्यात बांधला.

"चित्र मंजूर. बीळ कायम."

साळूबाई आनंदाने अशी नाचली, की चार काटे उडून बगळेसाहेबांच्या रजेवरच्या पायाला लागले. "चला आबा, चहा टाकते," ती म्हणाली.

"ते कुठे निघाले?" बगळेसाहेब म्हणाले. "जोडलेली कागदपत्रं परत मिळत नाहीत. फाइल बंद झाल्यावर बघू."

"कधी होते बंद?"

"शंभर वर्षं धरा."

साळूबाईच्या तोंडचं पाणी पळालं. आबांनी मात्र मनाशी हिशेब केला. "शंभरच ना?" ते म्हणाले. "थांबतो मग. तू जा, चहा थंड होईल." आणि ते दोन कपाटांच्या मध्ये जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सत्कार थाटात झाला. चित्राला हार घातला. महाराज भाषणाला उभे राहिले. "आबा आज आपल्यात नाहीत," ते म्हणाले, आणि सगळ्यांनी दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळली. कचेरी पलीकडेच होती. आबाही आतल्या आत शांत बसले.

साळूबाई आपल्या उबदार बिळाशी परतली. तिला फार एकटं वाटत होतं. तिने चहा केला, दारात आली आणि सवयीने कप बाजूला ठेवला. कप खाली पडून फुटला.

तात्पर्य : मुलांनो, कुणी कितीही जीव लावणारं असलं, तरी कचेरीत मूळ प्रत कधी देऊ नये. झेरॉक्स द्यावी.