नेटिव्ह ऑफ सटाणा

देवरे मॅडमना राग आला की त्या इंग्रजीत जात. एरवीचं बोलणं मराठीत, लाड अहिराणीत आणि भांडण इंग्रजीत, अशी त्यांनी वाटणीच करून टाकली होती. पाण्याचा टँकरवाला "आज नाय जमणार" म्हणाला की वरच्या गॅलरीतून आवाज यायचा, "व्हाय नॉट? आन्सर इन अ फुल सेंटेन्स!" तो बिचारा मुकाट्याने पाइप जोडायचा. पूर्ण वाक्य बोलण्यापेक्षा पाणी सोडणं सोपं.

नाशिकला सिडकोत मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहतो. अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. मॅडम मूळच्या सटाण्याच्या. नाशिकच्या एका मराठी शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं. लग्न केलं नाही. कारण विचारलं तर म्हणत, "बघायला आलेला मुलगा 'माय गुड नेम इज' म्हणाला. विषय संपला."

चूक दिसली आणि मॅडमनी सोडली असं कधी झालं नाही. दुकानाची पाटी असो, लग्नपत्रिका असो. एकदा डॉक्टर म्हणाले, "एव्हरीथिंग इज नॉर्मल ओन्ली." मॅडमनी ब्लडप्रेशरचा पट्टा दंडावर असतानाच त्यांचं 'ओन्ली' काढून घेतलं. डॉक्टरांचंच ब्लडप्रेशर वाढलं असणार. आमच्या लिफ्टमध्ये मॅडम उभ्या दिसल्या की लोकांना अचानक व्यायामाची आठवण व्हायची आणि ते जिन्याने जायचे.

निवृत्त झाल्यावर मॅडम एका चकाचक इंग्लिश मीडियम शाळेत मुलाखतीला गेल्या. तिथल्या बाईंनी गोड हसून सांगितलं, "तुमचं ग्रामर छान आहे हो, पण टोन जरा गावाकडचा वाटतो. पालकांना चालत नाही."

मॅडम घरी आल्या त्या थेट आमच्याकडे. चहा घेतला नाही. म्हणाल्या, "प्रमोद, ज्यांना इंग्रजी येतं असं वाटतं त्यांना शिकवायचं बंद. आता ज्यांना येत नाही त्यांच्याकडे जायचं."

मला वाटलं, पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी पाड्यांकडे जातील. त्यांनी काढलं कंबोडिया! शाळेतली एक जुनी विद्यार्थिनी तिकडे नोकरीला होती, तिने खेड्यांत इंग्रजी शिक्षक पाठवणाऱ्या एका संस्थेचं नाव सुचवलं होतं.

बातमी सटाण्याला पोचली आणि धाकटा भाऊ पहिल्या एसटीने आला. डाळिंबाची पेटी खाली ठेवायच्या आतच सुरू झाला, "आक्का, या वयात परदेश? लोके काय म्हनतीन?"

मॅडम तडक इंग्रजीत गेल्या. "टेल देम टू से इट इन फुल सेंटेन्सेस!"

"अगं, तिथले लोक किडे तळून खातात."

"खाऊ देत. मी भाषा शिकवायला चाललेय, स्वयंपाक नाही."

"तुले काही झालं तर?"

यावर मात्र मॅडम अहिराणीत आल्या. "अरे भाऊ, आठे बसीसन तरी काय व्हई रायनं?" इथे बसून तरी काय होतंय? भाऊ डाळिंब सोलत बसला.

संस्थेची मुलाखत आमच्या घरी झाली, कारण लॅपटॉप आमचा. पडद्यावर एक गोरा, नम्र तरुण होता. तो अडखळत म्हणाला की सहसा आम्ही 'नेटिव्ह स्पीकर' घेतो.

मॅडमनी पदर खोचला. "आय ॲम नेटिव्ह," त्या म्हणाल्या. "नेटिव्ह ऑफ सटाणा, डिस्ट्रिक्ट नाशिक."

तो हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी भावाने आणलेलं डाळिंब हातात घेतलं, माझ्या बायकोला, वैशालीला, विद्यार्थिनी म्हणून समोर बसवलं आणि धडा सुरू केला. हे काय आहे, आत काय आहे, दाणे कसे आहेत. वैशाली इंग्रजी म्हटलं की घामाघूम होणारी बाई, पण थोड्या वेळात "द सीड्स आर रेड अँड आय वाँट टू ईट देम" असं म्हणून तिने दाणे तोंडात टाकलेसुद्धा. पडद्यावरचा तरुण कधी ताठ बसला आणि कधी पूर्ण वाक्यात उत्तरं द्यायला लागला, त्याचं त्यालाच कळलं नाही.

नोकरी मिळाली. त्याने मॅडमना प्रसिद्ध देवळांजवळचं, पर्यटकांनी गजबजलेलं शहर देऊ केलं. मॅडमनी साफ नाकारलं. "देवळं बघायला नाशिककर इतक्या लांब कशाला जाईल? आणि पर्यटकांच्या गावात मुलं गिऱ्हाईक बोलवायला इंग्रजी शिकतात. मला त्यांना भांडायला शिकवायचंय."

त्यांनी निवडलेल्या गावाचं नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही. नदीकाठ, भातशेती आणि एक शाळा. बघण्यासारखं काहीच नाही, असं संस्थेनेच सांगितलं होतं. मॅडम खूश झाल्या.

विमानतळावर मी सोडायला गेलो. सुती साडी, पायात पांढरे बूट, बॅगेत काळा मसाला. "कळवत राहा," मी म्हणालो. त्या म्हणाल्या, "रडू नकोस." मी रडत नव्हतो.

पुढे बरेच दिवस नुसते फोटो आले. भात, म्हैस, फळा, पुन्हा म्हैस. मग एका रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल आला. मॅडम उन्हाने काळवंडल्या होत्या, आवाज तोच. मुलं कशी हट्टी आहेत, मुख्याध्यापक कसे शब्दाच्या शेवटचा 'एस' खाऊन टाकतात, सगळं जोरात चाललं होतं. इतक्यात मागून एका बाईने हाक मारली, "टीचर! यू ईट ऑलरेडी?"

मी सावरून बसलो. आता त्या बाईची खैर नाही.

मॅडम मागे वळून ओरडल्या, "नॉट येट! आय कम!"

मला राहवलं नाही. "मॅडम, 'आय ॲम कमिंग'."

मला वाटलं, आता इंग्रजी सुरू होणार. त्या मराठीतच म्हणाल्या, "माहितीये रे. घरमालकीण आहे. इथे भेटलं की सगळे हेच विचारतात, जेवलीस का. पण ही नुसती विचारत नाही, ताट वाढून थांबते." मग आवाज खाली आला. "मुलांची एक चूक सोडत नाही मी. हिला सांगितलं नाही. लाजाळू आहे. दुरुस्त करायला गेले आणि तिने विचारणंच बंद केलं तर?"

पुन्हा हाक आली. मॅडम लगबगीने उठल्या आणि फोन बंद करायचं विसरल्या. पडद्यावर रिकामी खुर्ची उरली. पलीकडून भांड्यांचा आवाज येत होता, दोन बायकांचं चुकीचं इंग्रजी येत होतं, आणि मधूनमधून मॅडमचं हसणं. सिडकोत मी ते कधी ऐकलं नव्हतं. वैशालीला हाक मारली. ती येऊन शेजारी बसली, आणि आम्ही दोघं ऐकत राहिलो.